कॅरिबियन कवितेतील भुताखेतांची ओळख : नवख्या वाचकासाठी मार्गदर्शक

मार्क मॅकवॉट या गयानात जन्मलेल्या कवीची ‘ओल हाइग’ ही कविता मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा एक म्हातारी कंबर वाकवून तांदळाचे हजार दाणे का मोजते, हे मला अजिबात उमगले नव्हते. मी वहीत ‘तांदूळ म्हणजे गरिबी’ असे टिपून ठेवले आणि शेजारी ‘मीठ म्हणजे अश्रू’ असेही लिहिले. दोन्ही टिपा साफ चुकीच्या होत्या. त्या कवितेत तांदूळ हा तांदूळच आहे आणि मीठ हे मीठच आहे. ती म्हातारीच भूत आहे, तांदूळ आणि मीठ ही तिला अडवण्याची साधने आहेत आणि गयानातील शाळकरी मुलालाही ते ठाऊक असते. ही माहिती मिळेपर्यंत माझे बरेच महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

या कवितांकडे वळणारा मराठी वाचक बहुधा एका प्रश्नापाशी अडतो : कवीचा यावर विश्वास आहे की नाही? हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवा. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. या भुताचा नियम काय आहे? आणि त्याची गोष्ट कोण सांगत आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांवर उभ्या आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवे

– कॅरिबियन समुद्राचा एक नकाशा, ज्यात जमैका, हैती, डॉमिनिका, सेंट लुशिया, बार्बाडोस, त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील गयाना स्पष्ट दिसतील.

– एक चांगला कोश. रिचर्ड ऑलसॉप यांचा कॅरिबियन इंग्रजीचा कोश (१९९६) बहुतेक प्रदेशांना पुरतो. फक्त जमैकाच्या कविता वाचणार असाल, तर कॅसिडी आणि ल पेज यांचा जमैकन इंग्रजीचा कोश (१९६७) अधिक उपयोगी आहे. ग्रंथालयात बसून पाहिलेत तरी चालेल.

– तीनच कविता : डेरेक वॉलकॉट यांची ‘ल लूगारू’, मॅकवॉट यांची ‘ओल हाइग’ आणि वर्ड्सवर्थ मॅकअँड्र्यू यांची त्याच नावाची कविता. यांपैकी पहिल्या दोन कॅरिबियन परीक्षा मंडळाच्या माध्यमिक अभ्यासक्रमात नेमल्या गेल्या होत्या, त्यामुळे त्या मिळणे फारसे अवघड नाही.

– एक वही. प्रत्येक भुतासाठी एक पान सोडा.

१. आधी बेट ठरवा, मग भूत

‘कॅरिबियन भूत’ असे सरसकट काही नसते. मृताच्या आत्म्याला जमैकात ‘डपी’ म्हणतात, तर पूर्वेकडील बेटांवर आणि गयानात ‘जंबी’ म्हणतात. दिवसा साधी म्हातारी आणि रात्री कातडी उतरवून आगीचा गोळा होऊन उडणारी रक्तपिपासू बाई त्रिनिदाद आणि डॉमिनिकात ‘सुकुयाँ’ असते, तर गयाना आणि जमैकात तिचे नाव ‘ओल हाइग’ होते. ज्या बेटांवर फ्रेंचांचा अंमल किंवा फ्रेंच मळेवाल्यांची वस्ती होती, तिथली नावे फ्रेंच क्रिओलमधून, म्हणजे वसाहतींत फ्रेंच आणि आफ्रिकी भाषा मिसळून घडलेल्या बोलीतून, आली आहेत. इंग्रजांच्या जुन्या वसाहतींमधील नावांत आफ्रिकी भाषांचा आणि जुन्या इंग्रजीचा मेळ आहे.

इथला सापळा असा की, एकच नाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. ‘लूगारू’ हा शब्द सेंट लुशियात रूप पालटून जनावर होणाऱ्या माणसासाठी वापरतात. त्रिनिदादमध्ये त्याचाच ‘लागाहू’ झाला. हैतीत मात्र हाच शब्द बहुधा कातडी उतरवून उडणाऱ्या बाईला लावतात, म्हणजे तिथला लूगारू त्रिनिदादच्या सुकुयाँला जवळचा ठरतो. म्हणून वहीत भुताच्या नावाआधी बेटाचे नाव लिहा. कवी कुठला आहे, हे पाहिल्याशिवाय कोश उघडू नका.

२. भुताचा नियम लिहून काढा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. लोकश्रद्धेतील प्रत्येक भुताला एक कायदा बांधून ठेवतो. ते काय करू शकते, कुठे थांबते आणि त्याला कशाने अडवता येते, हे ठरलेले असते. कवी हा कायदा समजावून सांगत बसत नाही, कारण त्याचा मूळ वाचक तो आजीकडून ऐकूनच मोठा झालेला असतो.

सुकुयाँचे पान मी कसे भरले, ते दाखवतो. ती रात्री अंगावरची कातडी सोलून काढते आणि उखळात ठेवते. मग आगीचा गोळा होऊन झोपलेल्या माणसाचे, विशेषतः तान्ह्या बाळाचे रक्त प्यायला जाते. दारात किंवा चौरस्त्यावर तांदूळ टाकून ठेवले, तर तिला ते दाणा दाणा मोजून उचलावेच लागतात आणि त्या मोजणीत पहाट होते. तिची कातडी सापडली, तर तिला मीठ आणि तिखट चोळतात. मग ती कातडी अंगात घालता येत नाही, तिची आग आग होते, आणि गोष्टीत ती आपल्याच कातडीला विनवते की, अगं, मला ओळखत नाहीस का? सकाळी गावात कोणत्या म्हातारीच्या अंगावर वळ दिसतात किंवा कोण घराबाहेर पडत नाही, यावरून तिला ओळखतात.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबा. नियमांत इथे एकदम गाव येते. तांदूळ आणि मीठ इथपर्यंत गोष्ट भुताची आहे, पण सकाळ झाल्यावर ती गावातील एका एकट्या, म्हाताऱ्या बाईची होते, आणि चांगल्या कविता नेमक्या याच सांध्यावर उभ्या राहतात.

बाकीची पाने थोडक्यात भरता येतील. ‘ला जाब्लेस’ ही मोठ्या टोपीची आणि लांब झग्याची देखणी बाई आहे. तिचा एक पाय माणसाचा आणि दुसरा गाईच्या खुराचा असतो, म्हणून ती एक पाय रस्त्यावर आणि खुराचा पाय कडेच्या गवतात टाकत चालते. ‘पापा ब्वा’ हा रानाचा आणि जनावरांचा राखणदार म्हातारा आहे. तो भेटला, तर त्याला आदराने नमस्कार करावा आणि त्याच्या पायांकडे टक लावून पाहू नये. ‘ड्वेन’ म्हणजे बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या मुलांचे आत्मे. त्यांना चेहरा नसतो, डोक्यावर गवताची मोठी टोपी असते आणि पावले उलटी असतात. तिन्हीसांजेला मुलांना नावाने मोठ्याने हाक मारू नये, कारण ड्वेन ते नाव ऐकून ठेवतात आणि त्याच नावाने मुलाला रानात बोलावतात. जमैकाचा ‘रोलिंग काफ’ हा लाल, पेटत्या डोळ्यांचा वासरासारखा जीव साखळी ओढत रात्रीच्या रस्त्याने फिरतो.

३. पहिली कविता : गोष्ट कोण सांगते ते शोधा

‘ल लूगारू’ ही चौदा ओळींची कविता आहे. वॉलकॉट यांच्या १९६२ च्या संग्रहातील ‘टेल्स ऑफ द आयलंड्स’ या दहा सुनीतांच्या मालिकेतील ते नववे सुनीत. वॉलकॉट सेंट लुशियाचे. १९३० मध्ये कॅस्ट्रीजला त्यांचा जन्म झाला आणि १९९२ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

गोष्ट एवढीच आहे : ल ब्रँ नावाचा म्हातारा हावेपायी सैतानी शक्तींशी सौदा करतो आणि बुडतो. एका रात्री तो अल्सेशियन कुत्र्याचे रूप घेतो, त्याच्याच राखणदाराचा घाव त्याच्यावर बसतो, आणि ते जनावर आतडी फरपटत, रक्त सांडत आपल्याच उंबऱ्याशी येऊन पडते.

आता ही गोष्ट कुणाच्या तोंडून येते, ते पाहा. पहिल्याच ओळीत ती गावातून दोऱ्यासारखी ओवली जाते, आणि दुसऱ्या ओळीत केस पिकत चाललेल्या बायका पागोळीखाली शिवण घेऊन बसलेल्या दिसतात. दोरा, सुई आणि गोष्ट या तिन्हींसाठी कवीने एकच क्रियापद वापरले आहे. पांढरा लिननचा सूट घातलेला, काठी टेकत येणारा ल ब्रँ दिसला की, खिडक्यांच्या झडपा हळूहळू मिटतात. आदळत नाहीत, हळूच मिटतात. गावाने माणसाला वाळीत टाकण्याची रीत याहून कमी शब्दांत मी तरी कुठे वाचलेली नाही. आणि कुत्र्याचा प्रसंग येतो, तेव्हा कवी साक्ष देत नाही. ‘असे म्हणतात’ एवढेच तो म्हणतो, आणि असे म्हणणाऱ्या बायकांना तो ‘ख्रिस्ती चेटकिणी’ असे नाव देतो. मग चेटूक नेमके कुणी केले, म्हाताऱ्याने की त्याच्याविषयी बोलणाऱ्यांनी? कविता उत्तर देत नाही. शेवटच्या ओळीतले रक्त मात्र इतके ओले आहे की, ही केवळ कुजबुज होती असे म्हणून सुटताही येत नाही.

या पायरीवर नवखा वाचक हमखास घाई करतो. ‘कवीने अंधश्रद्धेवर टीका केली आहे’ असे लिहून तो मोकळा होतो. तसे लिहायचा मोह झाला, तर पेन खाली ठेवा आणि कवितेतील ‘म्हणतात’, ‘वाटते’, ‘सांगतात’ अशा सगळ्या शब्दांखाली रेघ मारा. कोणते वाक्य कुणाच्या भरवशावर उभे आहे, हे त्या रेघा दाखवतात.

४. दुसरी कविता : भूत स्वतः बोलते तेव्हा

मॅकवॉट यांच्या कवितेत गाव बोलत नाही, ओल हाइग स्वतः बोलते, आणि ती चक्क तक्रार करते. रात्रभर कातडीवाचून हिंडणे, उसाच्या फडाला आग लागावी तसे स्वतःला जाळून घेणे, आणि ते कशासाठी, तर बाळाच्या रक्ताच्या दोन थेंबांसाठी! रक्तच हवे असेल, तर इतरांसारखे ब्लॅक पुडिंगमधून मसाला घालून खाल्लेले मलाही चालले असते, असे ती म्हणते. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्त आणि भात भरलेले आतड्याचे सॉसेज. गयानात ते आवडीने खाल्ले जाते. मिठाची आग आणि म्हाताऱ्या हाडांनी वाकून मोजायचे तांदूळ, हे सगळे ती एखाद्या राबणाऱ्या बाईच्या वैतागाने सांगते. नियमाचे पान भरले नसेल, तर हा सगळा भाग हातून निसटतो, माझ्या हातून निसटला तसा.

उसाच्या फडाची उपमा नुसती शोभेची नाही. गयानाच्या किनाऱ्यावर तोडणीआधी ऊस पेटवतात, आणि ज्या मळ्यांवर आधी गुलाम आणि नंतर करारबद्ध मजूर राबले, तेच हे मळे.

त्यानंतर कविता वळते. नव्या शिरांतून वाहणारे शुद्ध रक्त या वाळलेल्या बाईला गाण्यासारखे हाक मारते, आणि मग ती थेट आईकडे वळून विचारते : मी आले नाही, तर तुझ्या त्या पुरातन भीतीला तू नाव काय देशील? तुझ्या डोक्यातल्या खुनाचा दोष कुणावर टाकशील? पाळण्यात झोपलेले बाळ सकाळी उठतच नाही, अशा वेळी घराला एक नाव हवे असते. आईच्या मनात थकव्यापोटी, भीतीपोटी येणारे जे विचार बोलता येत नाहीत, त्यांनाही नाव हवे असते. जोवर बायका बाळंत होत आहेत, तोवर मला मरण नाही, असे हाइग शेवटी सांगते. मला ही ओळ दर वेळी जड जाते, कारण तिच्यात धमकी आणि करुणा एकाच आवाजात आहेत.

वहीत इथे दोन रकाने करा. एकात भूत काय करते ते लिहा, आणि दुसऱ्यात त्या भुतामुळे माणसांना काय करता येते ते लिहा. दुसरा रकाना भरला की कविता उघडते.

५. मोठ्याने वाचा

मॅकवॉट यांची हाइग पुस्तकी इंग्रजी बोलत नाही. तिच्या बोलण्याला गयानाच्या क्रिओलचे वळण आहे. वर्ड्सवर्थ मॅकअँड्र्यू यांची ‘ओल हाइग’ तर जवळजवळ पूर्ण क्रिओलमध्ये आहे. मॅकअँड्र्यू हे गयानाचे लोककथा-अभ्यासक आणि रेडिओवरील निवेदक होते, २००८ मध्ये ते गेले. त्यांची कविता डोळ्यांनी वाचली, तर स्पेलिंगांत अडकायला होते. मोठ्याने म्हटली, तर ती मंत्र म्हणावा तशी, ठेक्यात पुढे सरकते : कातडी उतरव, आगीचे सोंग घे, निघ. आणि सापडलेल्या म्हातारीचे काय होते, ते ऐकताना तोच ठेका अंगावर येतो.

बार्बाडोसचे कवी कामाऊ ब्रॅथवेट यांनी या बोलीला ‘नेशन लँग्वेज’ असे नाव दिले. चक्रीवादळ काही इंग्रजी छंदाच्या मापात गर्जत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. क्रिओलला ‘मोडकी इंग्रजी’ म्हणण्याची चूक करू नका. तिला स्वतःचे व्याकरण आहे. उलट, वॉलकॉट यांनी गावगप्पा नेटक्या इंग्रजी सुनीतात बसवल्या, हेही लक्षात ठेवा. एकाच भुताला दोन घाटांत पाहता आले की, कोणत्या कवीने काय कमावले ते दिसू लागते.

६. श्रद्धेखालचा इतिहास खणून पाहा

‘ओबिया’ हा शब्द या कवितांत वारंवार येतो. औषध, तोडगा, करणी आणि रक्षण हे सारे त्यात सामावलेले आहे. १७६० मध्ये जमैकात टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांचा मोठा उठाव झाला आणि त्याच वर्षी ओबियावर बंदी घालणारा कायदा आला, कारण ओबिया जाणणाऱ्यांनी बंडखोरांना शपथेने बांधले होते. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द इथे कुणी, कुणाविरुद्ध वापरला, हे या कायद्यावरून कळते. त्रिनिदादमध्ये ओबियाला गुन्ह्यांच्या यादीतून काढले गेले, ते थेट २००० मध्ये.

गयाना इंग्रजांआधी डचांच्या ताब्यात होता, म्हणून तिथे भुतांना डच मळेवाल्यांचे चेहरे आहेत. डचांनी सोने पुरले आणि राखणीसाठी सोबत गुलामाला मारून पुरले, अशी समजूत आहे. तिथे ज्या प्रचंड वृक्षाला हात लावायला लोक धजत नाहीत, तो ‘सिल्क कॉटन’ म्हणजे आपल्याकडची पांढरी सावर. कोकणात तिचा कापूस उशीत भरलेला मी पाहिला आहे, त्यामुळे कवितेतील ते झाड मला एकदम ओळखीचे झाले. त्याची भीती मात्र ओळखीची नव्हती, ती तिथल्या मातीतच शिकावी लागली.

इतिहास वर्तमानातही शिरतो. जमैकाच्या लोर्ना गुडिसन यांच्या ‘द रिव्हर ममा वाँट्स आउट’ या कवितेत नदीची राखणदार जलदेवता नदीत राहायलाच कंटाळली आहे. तिला झगमगाटात जायचे आहे. नदी सोडून जाणाऱ्या देवतेची ही कविता वाचण्याआधी जुनी रिव्हर ममा समजून घ्या : मासे तिची लेकरे, आणि तिला पकडले तर नदी आटते. ही श्रद्धा माहीत असली, म्हणजे तिच्या जाण्याने नदीचे काय होणार, हे वेगळे सांगावे लागत नाही.

७. भारतीय धागा जपून धरा

५ मे १८३८ रोजी करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन आलेली जहाजे गयानात पोहोचली, आणि ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत ही भरती चालली. बहुसंख्य लोक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची भुतेही गेली. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली ‘चुरैल’ तिथे ‘चुराईल’ म्हणून आजही ओळखली जाते. हिंदी सिनेमातल्या चुडैलीची ती सख्खी बहीण, पण तिचे दुःख सिनेमात दिसते त्याहून कितीतरी थेट आहे.

त्रिनिदादच्या शिवानी रामलोचन यांच्या ‘एव्हरीवन नोज आय ॲम अ हॉन्टिंग’ या २०१७ च्या संग्रहात ड्वेन येतात, तिथली देवळे आणि घरेही येतात, आणि लैंगिक हिंसेनंतर जगत राहणाऱ्या बाईचा आवाजही येतो. पहिल्या तीन कविता पचल्याशिवाय या संग्रहाकडे वळू नका, तो घाईने वाचण्याजोगा नाही. तो लीड्सच्या ‘पीपल ट्री प्रेस’ने काढला. मजुरांबरोबर तिकडे गेलेल्या पिंपळावरून त्या प्रकाशनाने आपले नाव घेतले आहे.

८. मराठीत लिहिताना आणि अनुवाद करताना

सुकुयाँला ‘हडळ’ म्हणू नका. मी तसे केले होते, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लगेच विहीर, मोकळे केस आणि उलटी पावले उभी राहिली. मग कातडी, उखळ आणि तांदूळ यांना जागाच उरली नाही. ड्वेनला ‘मुंजा’ म्हणण्यातही हाच घोटाळा आहे. मुंज झालेला मुलगा आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेले बाळ यांची दुःखे वेगळी आहेत. मूळ नाव देवनागरीत ठेवा आणि त्याचा नियम कवितेआधी दोन ओळींत सांगा. कवितेच्या आत कंस घालून समजावू नका, त्याने आवाज तुटतो.

कवितेतील क्रिओल बोलीसाठी मालवणी किंवा वऱ्हाडी वापरावी का, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे मत सावध आहे. बोलीचा जिवंतपणा येतो, पण म्हातारी लगेच सावंतवाडीची होते. मी साधी, घरगुती मराठी वापरतो आणि वाक्ये तोंडी येतील इतकी आखूड ठेवतो. ‘ओल हाइग’चा माझा तिसरा खर्डा असाच झाला. त्यात फक्त एका ठिकाणी मी अजून अडलेला आहे. तांदळाचे दाणे ती ‘मोजते’ की ‘वेचते’, यांतला एक शब्द मला निवडता आलेला नाही, कारण मोजण्यात तिची शिक्षा आहे आणि वेचण्यात तिची वाकलेली कंबर.